खांबापलीकडचा पाचवा

बिशपांचे बूट रेमंडपुढे येऊन थांबले. त्यानंतर माझी पाळी होती.

आम्ही पाच जण शाळेच्या मैदानावरच्या मांडवात एका ओळीत गुडघे टेकून बसलो होतो. माना खाली. दिसत होती ती फक्त लाल सतरंजी आणि तिच्यावरून आमच्याकडे सरकत येणारे ते तपकिरी बूट. कितीदा तरी तळ बदललेले, डाव्याच्या टोकाचं चामडं पार खरवडलेलं. मैदानावर चार हजार माणसं होती आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. गुरुदीक्षेतली ही घटका अशीच असते. बिशप एक शब्द न बोलता प्रत्येकाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात आणि मग प्रार्थना म्हणतात. माणूस धर्मगुरू होतो तो एवढ्यानेच. झगे, तेल, हार, बँड हे सगळं नंतरचं.

माझ्या आणि रेमंड फुर्ट्याडोच्या मध्ये मांडवाचा एक खांब होता. मांडववाल्याला तो रोवायला दुसरी जागा मिळाली नव्हती, त्यामुळे मी ओळीपासून हातभर लांब, बघणाऱ्यांच्या नजरेआड पडलो होतो. बूट रेमंडपुढून हलले. मी श्वास रोखला. बूट जागच्या जागी वळले आणि खुर्चीकडे परत गेले.

मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, येतील. पण तेवढ्यात सत्तर फादर रांगेने येऊ लागले. रीतीप्रमाणे तेही प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतात. सँडल, चपला, पॉलिश केलेले बूट माझ्यापुढून जात राहिले. एकाचे तळवे घामट होते, एकाने लाडाने हळूच टपली मारली. एवढे हात पडले, पण जो पडायला हवा तो पडला नाही. मी ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही. भित्रा होतो, दुसरं काही कारण नाही.

पुढे बिशप खुर्चीत बसले आणि आम्ही एकेक जण तळहातांना तेल लावून घ्यायला त्यांच्यासमोर गेलो. सर्वांत शेवटी मी गुडघे टेकून हात पुढे केले, तेव्हा त्यांचा अंगठा हवेत थांबला. मी वर पाहिलं. डिसेंबरची सकाळ, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी माझ्या तळव्यांवर तेलाचा क्रूस काढला, हात जुळवले आणि पांढऱ्या कापडाच्या पट्टीने बांधले.

ही पट्टी आईला द्यायची असते. नव्या फादरच्या हातांचं तेल त्या पट्टीने टिपलेलं असतं. आई ती जपून ठेवते, आणि आई वारली की ती तिच्या हातात बांधूनच तिला पुरतात. देवाने विचारलं की तू काय आणलंस, तर ती म्हणणार, माझा मुलगा तुझ्या वेदीला दिला. माझ्या आईने ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं होतं. तिने पट्टी दोन्ही हातांत घेतली, डोळ्यांना लावली, आणि पदरात अशी खुपसली की जणू कोणी हिसकावून नेईल. मला तिच्याकडे बघवेना.

मांडवामागच्या वर्गात झगे काढायची सोय होती. मी रेमंडला गाठलं.

"बिशपस्वामींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला का रे? तू शेजारीच होतास."

"म्हणजे? ठेवलाच असणार की." तो हसला. "माझे डोळे मिटलेले होते, बाबा. तुझे उघडे होते की काय?"

मग मी मोन्सिनियर लॉरेन्स कोरियांकडे गेलो. ते धर्मप्रांताचे मुख्य कारभारी, बिशपांचा उजवा हात. मी सांगितलं तसे ते झगा अर्धवट काढलेलेच थांबले, आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"काय बोलतोस ते कळतंय का तुला?"

"बूट माझ्यापर्यंत आलेच नाहीत, मोन्सिनियर. मी पाहिलं."

"बाकीचे चौघे प्रार्थना करत होते आणि तू बूट बघत होतास."

हे मला झोंबलं, कारण खरं होतं.

"सत्तर फादरांचे हात पडलेत तुझ्यावर," ते जरा नरमून म्हणाले.

"त्यांनी दीक्षा होत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे ते ऐक. पुढच्या महिन्यात बिशपस्वामींना पंच्याहत्तर पुरी होतात. नियमाप्रमाणे रोमला राजीनामा पाठवावा लागतो. तिकडून कानावर आलंय की आणखी दोन वर्षं त्यांना ठेवतील. डोंगरपट्टीतल्या वारली मुलींच्या वसतिगृहाचा स्लॅब परवाच घातलाय. दोन वर्षांत मुली राहायला येतात. पण ही गोष्ट बाहेर फुटली तर रोम दोन आठवडे थांबणार नाही. दीक्षा देताना माणूस विसरणारा बिशप कोण ठेवील? आणि नवा येईल त्याला त्या मुलींचं काय पडलंय?"

"मग मी काय करू?"

"घरी जा. संध्याकाळी पाचला गावात तुझी पहिली मिस्सा आहे, ती कर. वर्षभरात सगळं निवलं की गुपचूप काय ते उरकून घेऊ."

"वर्षभर?" माझा आवाज चिरकला. "वर्षभर मी वेदीवर मिस्सा अर्पण करू, पापनिवेदनं ऐकू, मरणाऱ्यांना तेल लावू, आणि त्यातलं काहीच खरं नसणार?"

"देव समजून घेईल," मोन्सिनियर म्हणाले, आणि दार उघडून बाहेर गेले.

ते वाईट नव्हते. बिशपांवर त्यांचा जीव होता, आणि जीव असलेली माणसंच असले सल्ले देतात.

आमचं तरवाळे गाव तिथून दीड-दोन कोसांवर. मला फुलांनी सजवलेल्या जीपमधून मिरवत नेलं. बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठापासून घरापर्यंत माणसंच माणसं. प्रत्येकाला नव्या फादरच्या तळहाताचं चुंबन घ्यायचं होतं. मी पहिल्या दहा-बारा जणांना हात दिले आणि मग मुठी मिटल्या. "पोर दमला," असं कोणीतरी म्हणालं. अंगणात मोठ्या टोपांत डुकराच्या मांसाचं इंदेल शिजत होतं, बायका पिठाचे गोल फुगे तळत होत्या. सगळं गाव माझ्यासाठी राबत होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

आईने हात धरून मला मागच्या खोपटात नेलं. तिथे पास्कू पाद्रीन खाटेवर होता. पाद्रीन म्हणजे माझ्या बाप्तिस्म्याला ज्याने मला हातांवर धरलं तो. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, अंगाचं चिपाड झालेलं.

"फादर येत होते रे मना बघायला," तो म्हणाला. "मी त्यांना सांगितला, थांबा. माझा इनास फादर होतोय. काय सांगायचा ता त्याच्याच कानात सांगीन. लय जुना हाय, इनास. तुज्या जन्माच्या आधीचा."

आई बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. पास्कूने छातीवर क्रूस काढला.

"संध्याकाळी ऐकतो, पाद्रीन," मी म्हणालो. "मिस्सा झाली की."

"आणि संध्याकाळपर्यंत मी नाय टिकलो तर?"

तो थट्टेने म्हणत होता, पण डोळे थट्टेचे नव्हते. इतकी वर्षं उरावर वागवलेलं पाप तो माझ्यापुढे उतरवून ठेवणार होता, आणि ते उचलायचा अधिकार मला नव्हता. 'क्षमा' हा शब्द मी नुसता तोंडाने म्हटला असता. मी खोपटातून निघालो आणि भिंतीला टेकवलेली कोणाची तरी सायकल काढली.

"कुठं चालला?" आई ओरडली. "जेवला पन नाय तू!"

"पाचच्या आत येतो, आये."

दोन वाजले होते.

बिशप बस्त्यांव तुस्कानो आमच्याच किनाऱ्यावरचे. बाप पानवेलीच्या मळ्यात मजूर. बाराव्या वर्षी फादर घडवणाऱ्या सेमिनरीत गेले, पुढे रोमला जाऊन चर्चच्या कायद्याचे पंडित झाले, आणि परत आल्यावर त्यांनी मोठं चर्च न मागता डोंगरातलं सर्वांत गरीब ठाणं मागून घेतलं. अकरा वर्षं तिथे सायकलवर काढली. एकावन्नाव्या वर्षी बिशप झाल्यावरही आम्हा सेमिनरीच्या मुलांना कायदा शिकवायला दर बुधवारी स्वतः येत. फळ्यावर खडूने लिहीत, "हात नाही, तर दीक्षा नाही." एकदा परीक्षेत त्यांनी हाच प्रश्न घातला होता आणि मला पैकीच्या पैकी गुण दिले होते. सायकल मारताना मला ते गुण आठवत होते, आणि रागाने रडू येत होतं. एवढा जाणता माणूस माझ्याच पाळीला कसा चुकला?

ते जेवायला बसले होते. एकटेच. मला पाहून दचकले नाहीत, फक्त घास खाली ठेवला.

"ये, इनास. बस."

मी त्यांच्या डाव्या बाजूची खुर्ची ओढून बसलो. त्यांनी मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे मी त्यांना सापडलो.

"आज फिस्ताचा दिवस आणि मला नुसता भाजीभात वाढलाय," ते म्हणाले.

मी ताटात पाहिलं. उजवीकडचा भात आणि भाजी संपली होती. डावीकडे तळलेल्या सुरमईचे दोन तुकडे जसेच्या तसे होते, आणि भाताची अर्धी मूदही. अगदी सुरीने कापावं तशी मधोमध रेघ पडली होती.  खरवडलेला डावा बूट आठवला, त्या बुटाची ठोकर कशाला लागत असेल तेही कळलं. मी हात पुढे करून ताट अर्धं फिरवलं.

मासा त्यांच्यासमोर आला. त्यांनी त्याला बोट लावून पाहिलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"मे महिन्यापासून. सकाळी उठलो तर डावीकडचं जग नव्हतं. डॉक्टर म्हणाला, मेंदूत छोटीशी गुठळी. मी त्याला शपथ घातली." त्यांनी पाण्याचा पेला चाचपला. "आज मी चार डोकी मोजली, इनास. पुढे मला कोणी दिसलं नाही. मनात म्हटलं, पाच झाली असतील, मीच मोजायला चुकलो. मग तेलाच्या वेळी पाचवा समोर आला."

"तेव्हाच तुम्हाला कळलं?"

"तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?" मी उभाच राहिलो. बिशपांशी मी असा कधी बोललो नव्हतो. "मी पाच वाजता वेदीवर उभा राहणार होतो! पास्कू पाद्रीन माझ्याकडे पापनिवेदन करणार होता!"

"तू येऊ नयेस अशी प्रार्थना करून जेवायला बसलो होतो," ते म्हणाले. "आता मला हवं ते म्हण."

 सकाळपासून आम्ही दोघांनी एकच केलं होतं. त्यांनी हाक मारली नाही आणि मी ओरडलो नाही.

"चला," मी म्हणालो. "तुमच्या खासगी चॅपेलात. आत्ताच हात ठेवा, प्रार्थना म्हणा. दहा मिनिटांचं काम. कोणाला कळायची गरज नाही. मुलींचं वसतिगृह होऊ द्या."

ते उठले. चॅपेल म्हणजे जेवणघराला लागून असलेली एक खोली, वेदी आणि चार बाकं. त्यांनी गळ्यात स्टोल घातला. मी गुडघे टेकले. या वेळी डोळे मिटले, आणि त्यांच्या झग्याची सळसळ ऐकत राहिलो. तळव्यांची ऊब माझ्या केसांपर्यंत आली.

आणि थांबली.

"नाही," ते म्हणाले.

"ठेवा ना, बिशपस्वामी!" मी अक्षरशः ओरडलो. "ठेवा हात!"

"तुझी आई कुठे आहे?"

"घरी."

"सकाळी तिने जे पाहिलं ते झालंच नव्हतं. आणि आता जे खरं होणार ते तिने बघायचं नाही?" त्यांनी स्टोल काढून घडी घातली. "इथे उरकलं तर ते तुझ्यासाठी नाही. ते माझी खुर्ची वाचवण्यासाठी होईल. मी तुमच्या गावात येतो. मी आल्याशिवाय सुरू करू नकोस."

"आणि मोन्सिनियर?"

"लॉरेन्सला मी सांगतो."

मी निघालो तेव्हा ते फोनपाशी उभे होते. मला वाटलं, मोन्सिनियर येतील, तासभर समजावतील, आणि हे येणार नाहीत. रस्ताभर मी तेच घोकत होतो.

पाच वाजता चर्चसमोर सगळं गाव उभं होतं. मी झगा घालून दारात. सव्वापाच झाले. बँडवाल्यांची भजनं संपली, त्यांनी लग्नातली गाणी सुरू केली. आमचे गावचे फादर दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. आई जवळ आली.

"काय झाला, बाला? सुरू कर ना. पास्कूला पन खाटेसकट आणलाय."

"थोडं थांब, आये."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदरातल्या पट्टीवर हात ठेवला. तिला काय कळलं देव जाणे, पण ती माझ्या बाजूलाच उभी राहिली, हलली नाही.

साडेपाचला बिशपांची गाडी आली. मोन्सिनियर स्वतः चालवत होते, आणि रडलेल्या माणसासारखे दिसत होते. बँड आपोआप बंद पडला. बिशप उतरताना त्यांचा डावा गुडघा गाडीच्या दारावर आपटला. ते पायरीवर चढले आणि लोकांकडे वळले. प्रवचनाची मराठी त्यांनी बाजूला ठेवली आणि आमच्या किनाऱ्याच्या बोलीत बोलले.

"मंडळी, सकाळी माझ्या हातून चूक झाली. चार पोरांच्या डोक्यावर हात ठेवला, तुमच्या इनासच्या डोक्यावर ठेवला नाय. मना डाव्या अंगाचा काय पन दिसत नाय. सात महिने झाले. मी ता लपवला. तो अजून फादर झालेला नाय. त्याची चूक नाय, माझी हाय. आता तुमच्यासमोर करतो."

 मागे एक म्हातारी हुंदका देऊन रडली. मी पायरीवर गुडघे टेकले, मुद्दाम त्यांच्या उजव्या हाताला. तरी त्यांनी विचारलं, "आहेस ना रे?"

"आहे, बिशपस्वामी."

मग दोन्ही हात माझ्या डोक्यावर आले. एवढे जड हात मी कधी अनुभवले नाहीत. त्यांनी ते लवकर उचलले नाहीत. प्रार्थना त्यांना तोंडपाठ होती, एक शब्द अडखळला नाही. त्यांनी पुन्हा माझ्या तळव्यांना तेल लावलं, पण हात बांधायला पट्टी नव्हती, ती घाईत राहून गेली होती. आईने चर्चला येताना डोक्यावरून घेतलेली पांढरी चादर दातांनी फाडली, आणि तिची चिंधी बिशपांच्या हातात दिली.

मिस्सा झाल्याबरोबर मी पास्कूच्या खाटेपाशी बसलो आणि त्याचं ऐकलं. काय ऐकलं ते माझ्याबरोबर जाईल. तो पठ्ठ्या नंतर तीन वर्षं जगला.

बिशपांचा राजीनामा त्यांच्या वाढदिवसानंतर सहाव्या दिवशी मंजूर झाला. नवे बिशप आले, वसतिगृहाचं काम थांबलं, आणि तो स्लॅब सहा वर्षं उघड्यावर पडून होता. पुढे पूर्ण झालं, पण त्या सहा वर्षांतल्या मुली शिकायच्या राहून गेल्या. मोन्सिनियर म्हणाले होते ते खोटं नव्हतं. मी अजून कधीकधी त्या मुलींची मनातल्या मनात माफी मागतो.

बिशप निवृत्त फादरांच्या घरी राहिले. दर गुरुवारी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जात असे. खुर्ची नेहमी उजवीकडे घ्यायचो, म्हणजे त्यांना मान वळवावी लागत नसे. नऊ वर्षं असं चाललं. एका गुरुवारी त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ती सकाळची पट्टी कुठाय रे? पहिली?"

"आईच्या ट्रंकेत. मी जाळू म्हणत होतो, तिने दिली नाही."

"ती मला दे. मी गेलो की माझ्या हातात बांध."

"बिशपस्वामी, तिच्यात काही नाही. तेव्हा मी फादर झालोच नव्हतो."

"म्हणूनच. आईची खरी, ती चिंधी, आईबरोबर जाऊ दे. मला विचारतील तेव्हा मी चोवीस वर्षं बिशप होतो म्हणून काय दाखवू? ती दाखवीन. म्हणेन, ही माझी चूक. आणि दिवस मावळायच्या आत दुरुस्त केली."

त्या पावसाळ्यातच ते गेले. आईने ट्रंक उघडली, पट्टीला पिवळे डाग पडले होते. शवपेटीत बिशपांच्या हातात क्रूस होता. मोन्सिनियर लॉरेन्सनी, आता तेही म्हातारे झाले होते, ते दोन्ही मनगटं अलगद उचलून धरली आणि मी पट्टी बांधली. लोक रांगेने दर्शनाला येत होते, कोणीतरी विचारलं, हे काय बांधलंय? मोन्सिनियर म्हणाले, "त्यांचं आहे."

मग मी पेटीला वळसा घालून, नऊ वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.